कल आणि गाळ : वर्तनाच्या अर्थशास्त्राची एक प्रस्तावना

पेडणे तालुक्यातल्या केरीच्या धक्क्यावर फेरीबोटीची वाट पाहत उभे राहिले की समोर तेरेखोलचा किल्ला दिसतो. नदी इथे समुद्राला मिळते, म्हणून पात्र रुंद आहे; तरी पैलतीर हाकेच्या टप्प्यात वाटावे इतके जवळ. बोट लागली की काही मिनिटांत माणूस पलीकडे पोचतो. ती कधी लागेल हे मात्र त्याच्या हातात नसते. ओहोटीला पाणी उतरले की फेरी कधी कधी थांबते, आणि मग तेरेखोलच्या माणसाला स्वतःच्या तालुक्याच्या गावी जायला रेडी, आरोंदा, किरणपाणी असा वळसा पडतो. हा वळसा महाराष्ट्रातून जातो. सावंतवाडीकर भोसल्यांचा हा किल्ला १७४६ साली पोर्तुगिजांनी घेतला आणि नदीपलीकडचा एवढा तुकडा गोव्याच्या नकाशात आला. १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी याच किल्ल्यावर तिरंगा लावला होता. आजही तेरेखोल जमिनीने सिंधुदुर्गाला जोडलेले आहे आणि कागदाने पेडण्याला. ग्रामपंचायतसुद्धा केरी-तेरेखोल अशा जोडनावाची.

पायी जाणाऱ्याला फेरीचे भाडे पडत नाही. शाळेत शिकलेल्या अर्थशास्त्राने हिशेब केला तर नदी ओलांडण्याची किंमत शून्य येते. तरीही पलीकडच्या एखाद्या बाईला 'तो फॉर्म भरलास का गं?' असे विचारावे तर 'बघू, पुढच्या आठवड्यात जाते' असे उत्तर मिळते, आणि तो आठवडा महिनोन्महिने उजाडत नाही. तिला योजना ठाऊक असते. पैशांची गरजही असते. पण बोट किती वेळ थांबवेल याचा भरवसा नसतो, दिवसाची मजुरी बुडणार असते, खिडकीपलीकडचा माणूस काय बोलेल याची धास्ती असते. खर्च आज करायचा आणि लाभ कधीतरी मिळायचा, असा हा सौदा आहे. त्या शून्यात काय काय लपलेले असते ते मोजायला शिकणे, हे या अभ्यासक्षेत्राचे पहिले काम.

या क्षेत्राच्या उंबरठ्यावर मी वाचकाचे स्वागत करतो आहे ते अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याचे तर खरेच, पण त्याहून अधिक पंचायतीचा सचिव, तलाठी, अंगणवाडी सेविका, शाळेचा मुख्याध्यापक आणि पंच यांचे. धोरण मुंबईत किंवा पर्वरीत ठरत असेल, पण माणसाच्या गळी ते उतरते की नाही हे या लोकांच्या टेबलापाशी ठरते. त्यांना या शास्त्रातले निम्मे आधीच ठाऊक असते; ते मांडायची भाषा तेवढी हाताशी नसते.

शास्त्राचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तो इतरत्र सहज वाचायला मिळतो. माणूस सगळी माहिती गोळा करून, सगळे पर्याय तोलून निर्णय घेतो, हे गृहीतक हर्बर्ट सायमन यांनी विसाव्या शतकाच्या मध्यालाच नाकारले होते. माणसाचा विवेक मर्यादित आहे, तो 'पुरेसे बरे' मिळाले की थांबतो, असे त्यांचे म्हणणे. १९७८ साली त्यांना नोबेल मिळाले. १९७९ साली डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी दाखवले की शंभर रुपये मिळाल्याच्या आनंदापेक्षा शंभर रुपये गेल्याचे दुःख माणसाला कितीतरी जास्त बोचते. कानेमन यांना २००२ साली नोबेल मिळाले तेव्हा ट्वर्स्की हयात नव्हते. रिचर्ड थेलर आणि कॅस सनस्टीन यांचे 'नज' (सक्ती न करता हलकेच वळवणे) हे पुस्तक २००८ साली आले, २०१० साली ब्रिटिश सरकारने या विचारावर चालणारे स्वतंत्र पथक उभारले, आणि २०१७ साली थेलर यांनाही नोबेल मिळाले. भारत सरकारच्या २०१८-१९च्या आर्थिक पाहणी अहवालात एक अख्खे प्रकरण या विषयाला दिलेले आहे. २०१९चे नोबेल मिळालेल्या तिघांपैकी अभिजित विनायक बॅनर्जी यांचा जन्म मुंबईचा आणि आई निर्मला, माहेरच्या पाटणकर. मराठी वाचकाला ही ओळख जवळची वाटेल म्हणून सांगितली.

पण आपल्या भाषेत हा विचार एवढ्यात आला असे मी मानत नाही. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली लिहिलेला 'शेतकऱ्याचा असूड' या नजरेने पुन्हा वाचावा. अडाणी शेतकरी कचेरीत शिरल्यावर कारकून, अर्ज, तारखा आणि कागद यांच्या जाळ्यात तो कसा नागवला जातो, याचे तिथले वर्णन म्हणजे प्रशासनातल्या अडथळ्यांचा बारकाईने केलेला अभ्यास आहे. कायदा काय म्हणतो इतक्यावर फुले थांबत नाहीत. तो कायदा ज्याच्यासाठी आहे त्याला किती दारे ओलांडावी लागतात, तेही ते मोजतात.

आता शब्दांविषयी. 'वर्तनवादी' म्हटले की मानसशास्त्रातला जुना वर्तनवाद डोळ्यांपुढे येतो, म्हणून मी साधे 'वर्तनाचे अर्थशास्त्र' म्हणतो. 'नज' या शब्दाला कुणी 'कोपरखळी' सुचवतात, पण मराठीत कोपरखळी ही थट्टेची असते. मला 'कल' हा शब्द बरा वाटतो. जमिनीला किंचित कल दिला की पाणी आपोआप हव्या दिशेला जाते. त्याला ढकलावे लागत नाही आणि कुणी बांध घालून अडवलेलेही नसते. काही निवडले नाही तर जे मिळते, त्याला मी 'आपसूक पर्याय' म्हणतो. ब्रिटनमध्ये २०१२पासून नोकरदारांना निवृत्तिवेतन योजनेत आपसूक सामील करायला सुरुवात झाली, नको असेल त्याने बाहेर पडावे अशी मुभा ठेवून. पात्र नोकरदारांतले निम्म्याहून थोडे अधिक तेव्हा योजनेत होते. काही वर्षांत ते प्रमाण ८५ टक्क्यांच्या पुढे गेले. पगार तोच, माणसे तीच. बदलले ते एवढेच की आता बाहेर पडायला कागद भरावा लागे. आणि चांगल्या कामाच्या वाटेत साचलेल्या अडथळ्यांना थेलर जो शब्द वापरतात, त्याचा मराठी अर्थ शब्दशः 'गाळ'. केरीच्या धक्क्यावर उभ्या असलेल्या माणसाला तो समजावून सांगावा लागणार नाही.

तेरेखोलची जागा मला अभ्यासकाच्या दृष्टीने फार मोलाची वाटते, ती दोन राज्यांच्या शिवेवर असल्यामुळे. इकडची आणि तिकडची माणसे एकाच बोलीची, एकमेकांच्या सोयरिकीतली. पेडण्याची मुलगी शिरोड्याला दिलेली, आरोंद्याची सून हरमलात. सरकारे मात्र दोन. एकच माणूस दोन धोरणांत कसा वागतो हे पाहायला असे ठिकाण शोधून सापडत नाही.

एक उदाहरण सविस्तर पाहू. २०१२ साली गोव्यात 'गृह आधार' योजना सुरू झाली. वाढत्या महागाईत घर चालवणाऱ्या गृहिणीला हातभार, हा तिचा घोषित हेतू. महिना १,००० रुपयांपासून सुरू झालेली रक्कम पुढे १,५०० रुपये झाली. २०२४च्या जुलैत महाराष्ट्राने 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना आणली. तीही १,५०० रुपयांचीच. म्हणजे तेरेखोलातल्या बाईच्या आणि शेजारच्या रेडीतल्या तिच्या नणंदेच्या खात्यात सारखीच रक्कम पडू लागली. जुने अर्थशास्त्र इथे दोघींना एकाच रकान्यात टाकून पुढे जाईल. पण एकीच्या पैशाचे नाव 'घराचा आधार' आहे आणि दुसरीच्या पैशाचे नाव भावाने बहिणीला दिलेली भेट. घराच्या आधाराचा पैसा तेल-डाळीला, विजेच्या बिलाला, दुकानदाराच्या उधारीला जाणे स्वाभाविक. तो साडीवर खर्च केला तर सासू विचारील. ओवाळणीच्या पैशाला तो प्रश्न नसतो. ओवाळणी बाईची स्वतःची असते, हे घरातला प्रत्येक पुरुष मान्य करतो.

थेलर यांनी याला मनातली खाती म्हटले. आपल्या आज्या-पणज्या त्याला डबे म्हणत: तांदळाच्या डब्यातले पैसे वेगळे, देवाच्या फोटोमागचे वेगळे, मुलाच्या फीचे वेगळे. रुपया सगळीकडे सारखाच, पण एका डब्यातला दुसऱ्यात घालताना हात अडखळतो. नावाचे हे बळ मोजलेलेही आहे. ब्रिटनमध्ये वृद्धांना हिवाळ्यात 'इंधन भत्ता' या नावाने रोख रक्कम मिळते. ती कशावरही खर्च करायची मोकळीक असते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की घरे त्या रकमेतला सरासरी ४७ टक्के भाग खरोखर इंधनावर घालत होती. साधी रोकड म्हणून वापरली असती तर ३ टक्क्यांच्या आसपास गेला असता. मोरोक्कोत पालकांना 'शिक्षणासाठी' असे नाव देऊन पैसे दिले, शाळेत हजेरीची अट घातली नाही. तरी मुले शाळेत टिकली, जवळजवळ अट घातल्याइतकीच.

म्हणून योजनेचे बारसे ही जाहिरात खात्याकडे सोपवायची बाब नव्हे. बाईच्या हाती स्वतःचा म्हणता येईल असा पैसा यावा हे ध्येय असेल तर एक नाव, घराची चूल चालावी हे असेल तर दुसरे. मला स्वतःला वाटते की 'आधार' या शब्दात हक्काची छटा अधिक आहे आणि 'भेट' या कल्पनेत देणाऱ्याचे उपकार डोकावतात. नागरिकाने सरकारचा उपकार मानावा हे मला पटत नाही. पण खर्च करणाऱ्या बाईच्या बाजूने पाहिले की तीच 'भेट' तिला घरात थोडी मोकळीक देऊन जाते. या दोन विचारांतला पेच सोडवायला पेडण्याच्या एखाद्या महाविद्यालयातल्या विद्यार्थिनीने दोन्ही तीरांवरच्या पन्नास घरांत जाऊन बसावे, असे मला मनापासून वाटते.

नावापाशी थोडे रेंगाळलो. गाळापाशी त्याहून जास्त थांबायला हवे. दयानंद बांदोडकरांच्या नावाची सामाजिक सुरक्षा योजना गोव्यात एकविसाव्या शतकाच्या आरंभीच सुरू झाली. वृद्ध, विधवा, दिव्यांग यांना महिन्याला ठराविक रक्कम देणारी ही योजना अनेक घरांत औषधाचा एकमेव खात्रीचा पैसा आहे. लाभार्थ्याने दर वर्षी हयातीचा दाखला द्यायचा असतो. माझी एक मावशी पेडणे तालुक्यातल्या एका वाड्यावर राहायची. एका वर्षी तिचा दाखला एका कचेरीने परत पाठवला. सही आणि शिक्का वेगवेगळ्या जागी पडले होते एवढेच कारण. दुसऱ्या खेपेला साहेब नव्हते. तिसऱ्या खेपेला ती गेलीच नाही. गुडघे दुखत होते, शिवाय रिक्षाला आणि बसला मिळून जेवढे जायचे तेवढ्यात तिची आठवड्याची भाजी यायची. तिचे पैसे काही महिने थांबले. मी रागावून विचारले, तेव्हा ती म्हणाली, 'अरे, मी जिवंत आहे हे मी आणखी कितीदा सांगू?' मला तेव्हा तिचा आळस दिसला होता. आज ते आठवले की स्वतःच्या त्या रागाची लाज वाटते.

त्या दाखल्यामागचा हेतू योग्यच आहे. मृताच्या नावावर पैसे जाऊ नयेत. पण पडताळणीचा सगळा भार कुणाच्या खांद्यावर टाकला? ज्याचे गुडघे सर्वांत जास्त दुखतात त्याच्या. मृत्यूची नोंद सरकारकडेच होते. ती नोंद आणि लाभार्थ्यांची यादी एकमेकांशी ताडून पाहिली तर जिवंत माणसाला हेलपाटा पडणार नाही. आपसूक पर्याय 'पैसे थांबवा' असा ठेवायचा की 'पैसे चालू ठेवा' असा, हा यातला खरा निर्णय. २०१४ साली केंद्र सरकारने निवृत्तिवेतनधारकांसाठी 'जीवन प्रमाण' नावाची डिजिटल सोय काढली. मात्र अंगठ्याचे ठसे झिजलेल्या म्हातारीपुढे यंत्र पुन्हा पुन्हा नकार देते, तेव्हा गाळ गेलेला नसतो. कागदावरून यंत्रात आलेला असतो.

गरिबी मनाची किती जागा व्यापते याचा एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादकांना उसाचे पैसे मिळण्याआधी आणि मिळाल्यानंतर अशा दोन वेळा एकाच प्रकारची कोडी सोडवायला दिली. तोच शेतकरी पैसे हाती नसताना लक्षणीय कमी पडला. त्याची अक्कल कमी झाली नव्हती, ती उधारी आणि हप्त्यांत गुंतली होती. आपल्याकडे काजूचा हंगाम संपला आणि पाऊस सुरू झाला की मिरगाच्या सुमारास जी ओढाताण सुरू होते, तिच्यात अर्जांची शेवटची तारीख टाकणे म्हणजे माणूस सर्वांत थकलेला असताना त्याची परीक्षा घेणे. अर्जाची मुदत हंगाम पाहून ठरवली तर खर्च काही वाढत नाही.

हंगामाचेच आणखी एक उदाहरण तेरेखोल नदीच्या वरच्या अंगाला, बांद्यात सापडते. २०१६-१७च्या सुमारास बांदा आणि दोडामार्ग परिसरात माकडताप पसरला. गोचिडीतून पसरणाऱ्या या तापाच्या काळातच काजू वेचण्याचा काळ येतो. 'रानात जाऊ नका' हा सल्ला वर्षाची कमाई बागेत पडलेल्या माणसाला देऊन काय उपयोग? अंगाला लावायचे तेल घराच्या फडताळात न ठेवता बागेच्या वाटेवर, कोयती-टोपलीशेजारी ठेवले तर ते लावायची आठवण राहते. इतक्या साध्या जागाबदलाचा विचार करणे हेही या शास्त्राच्या कक्षेतच येते.

माणूस एकटा निर्णय घेत नाही, चारचौघांकडे पाहून घेतो. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान महाराष्ट्रात २०००-०१ साली सुरू झाले, आर. आर. पाटील ग्रामविकासमंत्री असताना. त्याची रचना विचारपूर्वक होती. घरोघरी अनुदान वाटण्यापेक्षा गावागावांत स्पर्धा लावली आणि बक्षीस अख्ख्या गावाला ठेवले. तपासणी पथक येणार म्हटल्यावर ज्याच्या दारात कचरा तो गावाचा गुन्हेगार ठरू लागला, आणि ज्याने आधी शौचालय बांधले त्याच्याकडे पाहुणे दाखवायला नेऊ लागले. २०१६ साली केंद्राच्या ग्रामीण स्वच्छता सर्वेक्षणात सपाटीवरच्या जिल्ह्यांत सिंधुदुर्ग पहिला आला. तेरेखोलच्या किल्ल्यावरून उत्तरेला जो मुलूख दिसतो तोच हा. यात कोकणी माणसाच्या अंगणाच्या जुन्या शिस्तीचा वाटा आहे, तसा अभियानाने त्या शिस्तीला दिलेल्या मानाचाही.

याच काळात अनेक जिल्ह्यांत 'गुड मॉर्निंग पथके' फिरू लागली. पहाटे टमरेल घेऊन निघालेल्या माणसाला अडवायचे, त्याला गुलाबाचे फूल द्यायचे किंवा त्याचा फोटो काढायचा. बायकांनाही यातून सूट नव्हती. शास्त्राच्या भाषेत हेही 'सामाजिक दबावाचा वापर' या सदरात बसेल, पण मी त्याला कल म्हणायला तयार नाही. शरमेने माणूस वाकतो, आणि आधीच वाकलेला सर्वांत जास्त वाकतो. ज्याच्याकडे शौचालय बांधायला जागाच नाही, त्याचीच लाज चव्हाट्यावर येते. स्पर्धेने मान वाटला, पथकाने अपमान वाटला. दोघांचा परिणाम आकड्यांत सारखा दिसला तरी धोरण म्हणून ते सारखे नव्हेत.

डिचोली तालुक्याची गोष्ट वेगळी आणि अधिक दुखरी. शिरगाव, पिळगाव, मये, सांखळी या पट्ट्यात लोहखनिज निघते. चीनची मागणी वाढली तसा भाव चढला, आणि २०१०-११त गोव्याच्या बंदरांतून ५ कोटी टनांहून अधिक खनिज बाहेर गेले. वाड्यावाड्यांत ट्रक आले, बहुतेक कर्जावर. शेजाऱ्याने एक घेतला म्हणून याने घेतला, याचा चालला म्हणून मेहुण्याने. १० सप्टेंबर २०१२ रोजी राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयानेही. २०१४ साली बंदी उठली. ७ फेब्रुवारी २०१८च्या निकालाने ८८ लीज रद्द झाल्या आणि मार्चच्या मध्याला काम पुन्हा थांबले. अंगणात उभ्या ट्रकवर पावसाळे गेले. या ट्रकमालकांना बाहेरची माणसे हावरी म्हणाली तेव्हा मला वाईट वाटले. आज दिसणारी कमाई मोठी आणि उद्याचे संकट धूसर दिसणे, चढत्या भावाला कायमचा मानणे, सगळे करतात ते आपण न केल्यास मागे पडू असे वाटणे, हे दोष शिकलेल्या बँक अधिकाऱ्यांत होते, सरकारांतही होते. हप्ता भरणारा ट्रकवालाच तेवढा त्यांची किंमत मोजत राहिला.

याच प्रकरणातून या विषयाचा सर्वांत मोठा धडा निघतो. २१ एप्रिल २०१४च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वार्षिक उत्खननाला २ कोटी टनांची मर्यादा घातली आणि खनिजविक्रीच्या १० टक्के रकमेचा कायमस्वरूपी निधी उभारायला सांगितले, पुढच्या पिढ्यांचा वाटा म्हणून. आजच्या ओढीपुढे आपण टिकणार नाही हे मान्य करून आपणच आपल्या हाताला घातलेला हा बांध. आपल्याकडच्या बायकांना ही युक्ती पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. भिशी त्यासाठीच असते: एकटीने ठरवलेली बचत मोडते, दहाजणींसमोर कबूल केलेली मोडत नाही. चार पैसे हाती आले की सोन्याचा मणी करून ठेवायचा, कारण मणी मोडायला सोनाराकडे जावे लागते आणि जाताना मन बदलते. इथे गाळ मुद्दाम घातलेला असतो, आणि तो उपकारक असतो. कुठला अडथळा काढायचा आणि कुठला जपायचा, हे ओळखणे या शास्त्रातले अवघड कसब आहे.

पैशाने काय होते आणि काय बिघडते, याविषयी दोन किनारे शेजारी ठेवून पाहावेत. मोरजीच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात. पूर्वी ती अंडी लोक उकरून नेत. १९९६-९७च्या सुमारास वन खात्याने आणि गावातल्या जाणत्यांनी संरक्षणाला सुरुवात केली, आणि घरटी राखायला गावातलीच माणसे घेतली. अंडी कुठे असतात हे ज्यांना ठाऊक होते तेच राखणदार झाले. मजुरी मिळत होतीच, पण 'आमच्या किनाऱ्याची कासवे' हा अभिमान तिच्यापेक्षा लांब पल्ल्याचा ठरला. इस्राएलच्या हैफा शहरातल्या पाळणाघरांत याच्या उलट घडले. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना दंड लावला, आणि उशीर वाढला. आधी बाईंना ताटकळत ठेवण्याचा संकोच वाटायचा. दंडाने त्या संकोचाचे दर ठरवून दिले. पुढे दंड काढून टाकला तरी संकोच परतला नाही. कचऱ्याचे वर्गीकरण असो की पाण्याची नासाडी, दंडाची पावती छापण्याआधी पंचायतीने हा प्रयोग वाचावा.

गोव्यातल्या खाजन शेतीचे बांध शतकानुशतके अशाच सामायिक जबाबदारीच्या समजुतीवर उभे होते. खारे पाणी अडवणारा बांध फुटला तर सगळ्यांचीच शेती बुडते, म्हणून निगराणी सगळ्यांची. मानशीतल्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारापाशीच्या, मासेमारीची पावणी (लिलाव) व्हायची आणि पैसा गावकारीकडे (गावाच्या सामायिक संस्थेकडे) जायचा. एलिनॉर ऑस्ट्रम यांनी १९९०च्या ग्रंथात जगभरच्या अशा व्यवस्थांचे नियम शोधले, २००९ साली त्यांना नोबेल मिळाले. १९६४च्या कूळ कायद्याने आणि १९७६च्या पाचव्या दुरुस्तीने कसणाऱ्याला जमिनीचा हक्क दिला. तो न्यायच होता, आणि गावकारीत भाटकाराचा (जमीनमालकाचा) शब्द किती चालायचा हे विसरून तिचे गोडवे गाणे मला जमणार नाही. पण मालकी देताना बांधाच्या सामायिक निगराणीची सवय कोण सांभाळणार, याकडे तितके लक्ष गेले नाही. कूळ संघ कागदावर आले. पाण्यात उतरून चिखल लावणारे हात अनेक गावांत विरळ होत गेले.

आता या शास्त्राच्या मर्यादा. नव्याने येणाऱ्याला त्या दारातच सांगायला हव्यात. २०२२ साली स्तेफानो डेलाविन्या आणि एलिझाबेथ लिनोस यांनी अमेरिकेतल्या दोन नज पथकांचे १२६ प्रयोग एकत्र तपासले. त्यांत २ कोटींहून अधिक माणसे आली होती. विद्यापीठांच्या नियतकालिकांत छापलेल्या प्रयोगांत सरासरी ८.७ टक्केबिंदूंचा फरक दिसत होता, सरकारी पथकांच्या प्रयोगांत तो १.४ एवढाच निघाला. यशस्वी प्रयोग छापून येतात, फसलेले कपाटात राहतात. प्रामाणिकपणाची सही फॉर्मच्या वर घेतली तर लोक खरे सांगतात, असे २०१२ साली गाजलेले संशोधन तर त्यातली माहिती बनावट असल्याचे पुरावे पुढे आल्यावर २०२१ साली मागे घेण्यात आले. मी ते काही वर्षे वर्गात शिकवले होते. त्यानंतर वर्गाला हे सांगावे लागले, आणि तो तास मला सर्वांत उपयोगी वाटतो.

दुसरी मर्यादा अधिक महत्त्वाची. कल देणे स्वस्त असते, म्हणून सरकारांना ते फार आवडते. फेरीच्या वेळा मोबाइलवर कळवल्या तर वाट पाहण्याचा त्रास कमी होईल, हे चांगलेच. पण बोट जुनी असेल, फेऱ्या अपुऱ्या असतील, दवाखान्यात डॉक्टर नसेल, तर संदेश कितीही गोड शब्दांत लिहिला तरी उपयोग नाही. उदयपूर जिल्ह्यातल्या लसीकरणाच्या अभ्यासात हे स्पष्ट दिसते. लसीच्या प्रत्येक खेपेला किलोभर डाळ आणि शेवटी स्टीलची ताटे दिली, तेव्हा पूर्ण लसीकरण झालेली मुले ३९ टक्क्यांवर गेली. हे सगळे सांगतात. त्याआधीची पायरी लोक विसरतात: ठरल्या दिवशी न चुकता भरणाऱ्या शिबिरांनी, डाळीविना, ६ टक्क्यांचे १८ टक्के केले होते. परिचारिका हमखास येणार हा विश्वास आधी, डाळ नंतर.

आणि कल कुणी कुणाला द्यायचा? माणसाला त्याच्या भल्यासाठी हलकेच वळवणाऱ्याने ते भले त्याला विचारून ठरवले आहे का, आणि ही वळवणूक गावाच्या ग्रामसभेत उघडपणे सांगता येईल का, हे मी पहिल्यांदा पाहतो. जी युक्ती सांगितल्यावर निकामी होते, ती सरकारने वापरू नये असे माझे मत आहे. आपसूक पर्यायाचा परिणाम तो उघड केल्यावरही टिकतो. म्हणून मला तो शरमेपेक्षा आणि धाकापेक्षा सरस वाटतो.

वाचकाने पुढे जाण्याआधी एक काम करावे, अशी विनंती आहे. आपल्या गावात ज्या योजनेचा सर्वाधिक बोलबाला आहे तिचा अर्ज घ्या, आणि ज्याच्यासाठी ती आहे अशा एका माणसाबरोबर त्याचा सगळा प्रवास करा. त्याच्या वतीने नव्हे, त्याच्या शेजारून. घरातून निघाल्याची वेळ लिहा, बस किंवा फेरी मिळाल्याची लिहा, प्रत्येक खिडकीवर काय सांगितले ते त्याच शब्दांत टिपा, झेरॉक्सचे पैसे आणि चहाचे पैसे धरा, बुडालेली मजुरी धरा. तो कुठे गप्प झाला आणि कुठे परत फिरायला निघाला तेही लिहा. माझ्या मावशीबरोबर मी असा एकदाही गेलो नाही. गेलो असतो, तर सही आणि शिक्का एकाच चौकटीत यावेत म्हणून त्या कागदावर एक चौकोन आखून ठेवा, एवढी सूचना तरी मी त्याच दिवशी देऊन आलो असतो.